भिंतीआडचा तारा

शनिवार, 5 डिसेंबर 2020

पुतण्यानं पुण्याहून पाठवलेलं खोकं भंडाऱ्यात तीन दिवस पडून होतं. आज पवनीच्या गाडीनं आलं. कंडक्टरनं हातात देताना विचारलं, "काय आहे जी येच्यात? बंदूक?" लांबट खोकं, वर निळ्या-जांभळ्या आकाशगंगेचं चित्र आणि त्याखाली ठळक आकडा, 525. एवढ्या पटीनं मोठं दिसेल म्हणे.

घड्याळं उघडण्यात माझी चाळीस वर्षं गेली. डब्यावर छापलेल्या आकड्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. 'वॉटरप्रूफ' लिहिलेल्या किती घड्याळांतलं पाणी मी वाळवलं, त्याची मोजदाद नाही.

पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, तो आकडा विसरा. पुढच्या भिंगाचा व्यास पाहा. 70 मिलिमीटर. प्रत्येक मिलिमीटरला फार तर दुप्पट, म्हणजे 140 च्या वर गेलात की नुसता धूसर गोळा दिसेल." नळीचं नाभीय अंतर 700 मिलिमीटर. सोबत तीन आयपीस, 25, 10 आणि 4 चे. 700 ला त्या आकड्यानं भागलं की पट निघते: 28, 70, 175. वर तिप्पट करणारी बार्लो नावाची नळी आहे. 175 गुणिले 3, झाले 525. हिशेब बरोबर, माल खोटा. 4 चं आयपीस आणि बार्लो दोन्ही डब्यात परत ठेवून दिले.

रात्री दुर्बीण घरामागच्या सांदवाडीत मांडली. तासभर डोळा लावून होतो. आंब्याची पानं दिसली, विजेची तार दिसली, एकदा वटवाघूळ दिसल्याचा भास झाला. आभाळात एवढे तारे असून एकही नळीत येईना. नात म्हणाली, "आबा, तुम्ही तं झाकणच काढलं नाही." खरंच, मोठ्या झाकणाच्या मधोमध एक छोटं झाकण असतं, मी तेवढंच काढलं होतं. मोठं काढल्यावरही अंधारच. झोपलो.

रविवार, 6 डिसेंबर

सकाळी चौकात बाबासाहेबांना अभिवादन करून आलो, आणि मग दिवसभर नळीच्या मागे.

रात्रीच्या फजितीचं कारण कळलं. नळीच्या पाठीवर एक छोटी शोधक दुर्बीण असते. तिच्यातल्या फुलीवर जे धरायचं, ते मोठ्या नळीत दिसायला हवं. पण दोघींची तोंडं जुळवलेली नव्हती. हे काम दिवसाच करायचं, लांबच्या आणि हलत नसलेल्या वस्तूवर. तारा धरून करायला गेलं तर तो पळतो.

वस्तू म्हणून मी दुकानातलं एक भिंतीवरचं घड्याळ निवडलं. शेजारच्या काकाजींच्या माडीच्या कठड्यावर उभं केलं, आमच्या सांदवाडीपासून शंभरेक मीटरवर. आधी मोठ्या नळीत 25 च्या आयपीसनं घड्याळ मधोमध आणलं आणि तिपाईचा स्क्रू आवळला. मग शोधकाचे तीन छोटे स्क्रू एकेक फेरा सैल-घट्ट करत त्याची फुली घड्याळाच्या मधल्या खिळ्यावर आणली. हे स्क्रू म्हणजे माझ्या हातचा मळ. फक्त इथं चिमटा नको, बोटं पुरतात.

मग 70 पट लावून पाहिलं. सेकंदकाटा उलटा फिरत होता. 12 वर, 6 खाली, सगळं जिथल्या तिथं, पण 3 च्या जागी 9 आणि आकडे आरशातले. आयपीसच्या आधी काटकोनात बसवलेला आरसा असतो ना, तो वर-खाली सरळ करतो, पण डावं-उजवं उलटंच ठेवतो. न्हाव्याच्या दुकानात पाठीमागच्या आरशात घड्याळ पाहावं तसं. काट्याच्या टोकाला सोलपटलेला रंगसुद्धा दिसला. घड्याळ कधीचं माझ्याच भिंतीवर टांगलेलं, हे सोलपट मला कधी दिसलं नव्हतं.

काकाजी माडीवरून ओरडले, "किती वाजले जी?" उलट्या घड्याळात पाहून त्यांना वेळ सांगितली. चुकली.

मंगळवार, 8 डिसेंबर

आज भारत बंद. शेतकऱ्यांच्या दिल्लीतल्या आंदोलनासाठी. दुकान बंदच ठेवलं.

सूर्य साडेपाचच्या सुमारास गेला. सहानंतर नैर्ऋत्येला दोन ठिपके. खालचा ठळक तो गुरू, वर डावीकडे मंद पिवळसर तो शनी. पंचांगात दोघंही मकरेत. शोधकाच्या फुलीवर गुरू धरला, मोठ्या नळीत डोळा लावला, तो समोर हजर! अंगावर काटा आला, हे लिहायला लाज कशाला.

28 पटीत गुरू म्हणजे एक छोटी चकती आणि तिच्या दोन्ही अंगांना एका रेषेत सुईच्या टोकाएवढे ठिपके, त्याचे चंद्र. गॅलिलिओनं ते जानेवारी 1610 मध्ये पाहिले, तेव्हा त्याची दुर्बीण माझ्या या नळीपेक्षा बरीच कच्ची होती. शनी त्याच चित्रात, पण अगदी दुसऱ्या कडेला. एकाला मधोमध आणलं की दुसरा बाहेर. आज दोघांमध्ये साधारण दीड अंशाचं अंतर. पुतण्या म्हणतो, रोज कमी होत 21 तारखेला दोघं जवळपास एक होतील.

70 पटीत शनी पाहिला. कडं आहे. छापील चित्रात असतं तसं झोकदार नाही. भिंगातून पाहिलेल्या बारीक मण्यासारखं, दोन्ही बाजूंनी कान काढलेलं. हिला बोलावलं. ती मास्क लावूनच वाकली आणि आयपीसवर लगेच वाफ धरली. "काही नाही दिसत," म्हणाली आणि चुलीकडे गेली. पोपटाच्या शेंगांची उसळ करपत होती.

तेव्हापासून नियम केला: पाहायला येणाऱ्यानं मास्क नाकाखाली घ्यायचा, श्वास रोखायचा, पाहून झालं की लगेच मास्क वर आणि मागे व्हायचं. एका वेळी एकच जण. आयपीसच्या काठाला कापसाचा बोळा फिरवायचा, काचेला नाही. काच पुसायची झालीच तर शर्टाच्या टोकानं कदापि नाही. माझ्याकडे बालकमानीवरची धूळ उडवायचा रबरी फुगा आहे, तोच इथं उपयोगी आला.

गुरुवार, 10 डिसेंबर

दुर्बीण हलते. पाय ॲल्युमिनियमचे, पोकळ. फोकसचं चाक नुसतं शिवलं की गुरू थरथरतो, आणि थरथर थांबेपर्यंत चित्रातून अर्धा पुढं सरकलेला असतो. तिपाईच्या मधल्या तबकाला पाच किलो धान भरलेली पिशवी टांगली. बरंच शांत झालं. पाय पूर्ण उंच न काढता खाली बाजेवर बसून पाहिलं की आणखी शांत. स्लॅबवर न्यायची नाही हेही ठरलं. वर पोट्टे पळाले की आभाळ हलतं, शिवाय दिवसभर तापलेला स्लॅब रात्री गरम वाफ सोडतो आणि तारे उकळल्यासारखे दिसतात. सांदवाडीची माती बरी. नळी अर्धा तास आधीच बाहेर आणून ठेवायची, म्हणजे भिंग बाहेरच्या थंडीला जुळतं.

रस्त्याच्या खांबावरचा पांढरा दिवा थेट डोळ्यात येतो. तो विझवा म्हणणं आपल्या हातात नाही. बांबूवर दोन बारदाने आडवे बांधून दिव्याला पाठ दाखवली.

आज खरं तर मी दुर्बिणीशिवायचाच एक उद्योग केला. मागच्या खिडकीच्या चौकटीवर पत्र्याचा तुकडा ठोकला, त्याला खिळ्यानं बारीक भोक पाडलं. भोकाला डोळा लावला की पूर्वेला काकाजींच्या माडीच्या भिंतीची उभी कड दिसते. तिकांडं त्या भिंतीमागून वर येतं. तीन ताऱ्यांची ती ओळ उगवताना जवळजवळ उभी असते, सर्वांत वरचा तारा आधी. तो कडेमागून फट्कन बाहेर आला तेव्हा 8 वाजून 41 मिनिटं 20 सेकंद झाली होती. दुकानातलं क्वार्ट्झचं घड्याळ संध्याकाळीच फोनशी तंतोतंत लावून शेजारी ठेवलं होतं.

ही युक्ती माझी नाही. जॉन हॅरिसन म्हणून इंग्लंडातल्या खेड्यातला एक सुतार होता, अठराव्या शतकातला. लाकडी घड्याळं करायचा. घड्याळ बरोबर चालतं की नाही हे ताडायला त्याच्याजवळ दुसरं घड्याळ कुठून येणार? तो आपल्या खिडकीच्या चौकटीतून शेजाऱ्याच्या धुराड्यामागे तारा लपण्याची वेळ टिपायचा. तारा दर रात्री 3 मिनिटं 56 सेकंद लवकर लपतो. घड्याळानं तेवढंच दाखवलं तर घड्याळ शहाणं. पुढं याच माणसानं भर समुद्रात जहाजाचं रेखांश सांगणारं घड्याळ केलं. आमच्या धंद्यातला तो पीर.

दररोज चार मिनिटांचा फरक पडतो कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरताना सूर्याभोवतीही सरकते. ताऱ्याकडे तोंड करायला तिला एक फेरी पुरते, सूर्याकडे तोंड करायला फेरीच्या वर थोडं आणखी वळावं लागतं.

शनिवार, 12 डिसेंबर

कालपासून ढग. सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे, पण वेगळ्या कारणानं. भारी धानाचं चुरणं अजून उरलं आहे, बांधीत कडपा पडल्या आहेत, काहींची पोती खरेदीच्या रांगेत उघड्यावर. काकाजी ताडपत्री शोधत फिरत होते. दुर्बीण खाटेखाली.

सोमवार, 14 डिसेंबर, पहाटे

काल अमावस्येची आदली रात्र. बारापर्यंत ढग, मग फाटले. पुतण्यानं आधीच सांगून ठेवलं होतं: मिथुनेतल्या उल्का, वर्षातला सर्वांत भरवशाचा वर्षाव, आणि यंदा चंद्र नाही. नातीला उठवलं. घोंगडी घेऊन शिवारात काकाजींच्या खळ्यावर गेलो. तिथं तणसाची गंजी आहे. ते डुकरांच्या राखणीला तिथंच झोपतात.

दुर्बीण नेली नव्हती. उल्कांना दुर्बीण निरुपयोगी, नळीत आभाळाचा बोटभर तुकडा येतो आणि उल्का कुठूनही कुठंही जाते. उताणं पडायचं, एवढंच. एक ते दोन या तासात आम्ही 47 मोजल्या. नातीनं 51. चार तिनं स्वतःसाठी राखून ठेवल्या असाव्यात. बहुतेक उल्का धूमकेतूंच्या धुळीतून येतात. या मात्र फेथॉन नावाच्या 1983 साली सापडलेल्या लघुग्रहाच्या मार्गावरच्या आहेत. पश्चिमोत्तर क्षितिजावर नागपूरचा उजेड पिवळट पसरला होता. बाकी तिन्ही बाजूंना काळंभोर.

शेकोटीपाशी काकाजी म्हणाले, "ते पाय, बुढीचं खाटलं निंगालं." ईशान्येला सप्तर्षी शेपटीवर उभे होते. चार तारे म्हणजे खाटेचे चार पाय, मागचे तीन म्हणजे खाट चोरायला आलेले चोर. "बुढी जागीच आहे, म्हून त्याईले पळता नाई येत." मी लहानपणी हेच ऐकलं होतं आणि विसरलो होतो. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे या दोघांनी मध्य भारतातल्या गोंड गावांत फिरून अशी आभाळाची नावं गोळा केली, 2013 मध्ये छापली, त्यांतही खाट आहे, चोर आहेत. मृगात त्यांना नांगर दिसतो. शेत करणाऱ्या माणसाला तिथं हरणापेक्षा नांगरच दिसायचा, यात नवल ते काय.

नात म्हणाली, "आबा, पुस्तकात ते अस्वल आहे." काकाजी हसले. "अस्वलाची शेपटी पायली काय तू कधी?" बरोबर आहे त्यांचं. आमच्याकडच्या कुणाही जंगल पाहिलेल्या माणसानं ते अस्वल मानलं नसतं.

त्याच दिवशी, रात्री

चार रात्रींनंतर पुन्हा पत्र्याच्या भोकाशी. चार वेळा 3 मिनिटं 56 सेकंद म्हणजे 15 मिनिटं 44 सेकंद. तारा 8 वाजून 25 मिनिटं 36 सेकंदांनी यायला हवा. मी 35 लिहिले, नातीनं 37. घड्याळावर तिची नजर होती, ताऱ्यावर माझी.

मग तोच तारा दुर्बिणीत घेतला. तो आभाळातल्या विषुववृत्ताच्या अगदी जवळ, त्यामुळे हिशेबाला सोपा. चित्राच्या एका कडेला धरून हात काढून घेतला, दुसऱ्या कडेला जाईपर्यंत वेळ मोजला. 70 पटीत 2 मिनिटं 36 सेकंद. आभाळ दर 4 सेकंदांना एक कला सरकतं, म्हणून चित्राची रुंदी 39 कला, पूर्ण चंद्राहून थोडी जास्त. या खोक्यातल्या कागदावर ही माहिती कुठंही नाही.

तिकांड्याच्या खाली ताऱ्यांची जी ओळ लोंबते तिथं 28 पटीत पाहिलं तर धुक्याचा तुकडा. फोटोत गुलाबी असतो, डोळ्याला राखाडी, जरासा हिरवट. थेट पाहिलं तर फिका, नजर बाजूला सरकवली की उजळतो. 70 पटीत त्याच्या पोटात चार तारे. साधारण 1,300 प्रकाशवर्षं दूर. ही दोन वेळा येऊन पाहून गेली, या वेळी मास्क काढून. "कापूस पिंजल्यावानी," म्हणाली.

गुरुवार, 17 डिसेंबर

गुरू-शनीच्या वर चंद्राची कोर. 70 पटीतही आता दोघं ग्रह एका चित्रात मावतात.

मंगळही पाहिला. ऑक्टोबरात जवळ होता, आता लांबतो आहे. नारिंगी टिकली, बाकी काही नाही. पाहायला आलेली दोन पोट्टी निराश होऊन गेली. त्यांना मोबाइलवर मंगळावरचे डोंगर दिसतात.

सोमवार, 21 डिसेंबर

दुपारपासून लोक विचारत होते. टीव्हीवर दाखवत होते ना. कुणी म्हणे शुभ, कुणी म्हणे अशुभ, एकानं तर कोरोना जाणार म्हणून सांगितलं. मी म्हटलं, सहा वाजता या, पण एकेक जण, आणि मास्क.

घरामागचा आंबा आड येतो म्हणून तळ्याच्या पाळीवर गेलो. खाली मामा तलावाचं पाणी, पलीकडे मोकळं. सव्वासहाला नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर एकच तारा, नीट निरखल्यावर दोन. अंतर फक्त 6 कला, चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याएवढं. ही जोडी दर वीस वर्षांनी भेटते, पण इतक्या जवळ याआधी 1623 मध्ये आली होती, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या सात वर्षं आधी, आणि तेव्हा ती सूर्याच्या फार जवळ होती. नीट अंधारात, सगळ्यांना दिसेल अशी इतकी जवळची भेट 1226 मध्ये झाली होती. ज्ञानेश्वर त्यानंतर पन्नासेक वर्षांनी जन्मले.

70 पटीत डोळा लावला. एका बाजूला गुरू, त्याच्यावर दोन फिके पट्टे, आजूबाजूला चंद्र. तीन मी नक्की मोजले, चौथ्यावरून माझा आणि नातीचा वाद मिटला नाही. आणि त्याच चित्रात, हाताच्या अंतरावर म्हणावं इतक्या जवळ, कड्यासह शनी. क्षितिजावरच्या हवेनं दोघंही थरथरत होते, तरी दोघंही होते.

दोन्ही प्रकाशांच्या वेळा मी आधीच काढून ठेवल्या होत्या. गुरू आज सुमारे 88 कोटी किलोमीटरवर, त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला साधारण 49 मिनिटं. शनी सुमारे 162 कोटी किलोमीटरवर, दीड तास. मी साडेसहाला पाहत होतो तो गुरू 5 वाजून 41 मिनिटांचा आणि त्याला चिकटलेला शनी 5 वाजताचा. माझ्या दुकानातल्या दुरुस्तीच्या भिंतीवर अशीच सोळा-सतरा घड्याळं असतात, कोणत्याही दोहोंची वेळ जुळत नाही, आणि नवं गिऱ्हाईक विचारतं, "याईतलं खरं कोणतं?" ओले रोमर नावाच्या डॅनिश माणसानं 1676 मध्ये पॅरिसच्या वेधशाळेत बसून गुरूच्याच एका चंद्राची ग्रहणं टिपली. पृथ्वी दूर जाऊ लागली की ग्रहण उशिरा लागायचं, जवळ येऊ लागली की लवकर. त्यानं चंद्राला दोष दिला नाही. त्याला कळलं की उजेडालाच वाटेत वेळ लागतो. त्याचा आकडा थोडा चुकला, पृथ्वीच्या कक्षेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत यायला उजेडाला 22 मिनिटं त्यानं धरली, खरी 16 च्या वर. पण मला तो माणूस आपला वाटतो. घड्याळ मागे पडतं म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला आधी घरातली पद्धत विचारावी, तसं त्यानं केलं.

पाळीवर रांग लागली होती. मास्कवाल्यांची. म्हाताऱ्या माणसांना वाकता येईना म्हणून काकाजींनी बैलगाडीचं जू आणून आडवं ठेवलं, त्यावर बसून पाहत होते. एका बाईनं पाहिलं, मागे झाली, परत वाकली. "दोघंई सोबत आहेत जी," एवढंच बोलून पोराचा हात धरून गेली. साडेसातनंतर ते पलीकडच्या झाडांत गेले. पिशवीतलं धान तिथंच सांडलं, उद्या चिमण्यांचं काम झालं.

गुरुवार, 24 डिसेंबर

चंद्र आता अर्ध्याच्या पुढे. पूर्ण चंद्र दुर्बिणीला कामाचा नसतो, सगळीकडून उजेड पडल्यावर पिठासारखा सपाट दिसतो. मजा ती उजेड-अंधाराच्या सीमेवर. तिथं सूर्य नुकता उगवत असतो, सावल्या लांब पडतात आणि खड्ड्यांना खोली येते. आज कोपर्निकस नावाचा खड्डा सीमेजवळ होता. 93 किलोमीटर रुंद. म्हणजे आमचं अड्याळ एका काठावर ठेवलं तर नागपूर पार त्याच्या पोटात, दुसरा काठ तरी दूरच राहील. त्याचे पायऱ्यापायऱ्यांचे काठ आणि मधली टेकाडं 70 पटीत स्पष्ट. काकाजी म्हणाले, "आपल्या बोडीसारखंच आहे, पाणीच नाही फक्त."

अड्याळ म्हटलं की बाहेरची मंडळी तुकडोजी महाराजांच्या नावाशी जोडलेली अड्याळ टेकडी समजतात. ती ब्रह्मपुरीकडची, चंद्रपूर जिल्ह्यातली. आमचं हे वेगळं. पुतण्याच्या पुण्यातल्या मित्रानं फोन करून टेकडीवरून आभाळ कसं दिसतं विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे पाळ आहे, टेकडी नाही.

शुक्रवार, 25 डिसेंबर

दुकानात आज एकच गिऱ्हाईक. एचएमटीचं चावीचं, बापाचं म्हणून जपलेलं. चावी भरल्यावर चालतं, दहा मिनिटांनी थांबतं. तेल सुकलं आहे.

दुपारी ओळंबा टांगला आणि त्याची सावली जमिनीवर आखली. वर्षातला आजचा दिवस असा की उन्हाचं घड्याळ आणि आपलं घड्याळ यांच्यातला ऋतूंमुळे पडणारा फरक शून्याजवळ येतो. तरी सावली सर्वांत आखूड झाली ती बाराला नाही, 12 वाजून 11 मिनिटांच्या पुढेमागे. भारतभरची वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची. आपण तिच्या पश्चिमेला पावणेतीन अंशांच्या वर आहोत, दर अंशाला चार मिनिटं, म्हणून अड्याळचा सूर्य घड्याळाच्या अकरा मिनिटं मागे. चाळीस वर्षं मी गावाची घड्याळं लावत आलो, ती सगळी मिर्झापूरकडच्या सूर्याला लावत होतो.

सूर्याकडे दुर्बीण कधीच वळवायची नाही, हे नातीकडून तीन वेळा म्हणवून घेतलं. सूर्य वर असला की नळी कापडात गुंडाळून कपाटात, किल्ली माझ्याकडे.

मंगळवार, 29 डिसेंबर

दत्त जयंती. पौर्णिमेचा लख्ख उजेड. आजूबाजूच्या गावांत ग्रामपंचायतीच्या अर्जांची धावपळ. दुर्बिणीला सुट्टी. नात तिच्या बापासोबत उद्या नागपूरला जाणार, ऑनलाइन शाळेला तिथं नेट चांगलं आहे.

शनिवार, 2 जानेवारी 2021

10 डिसेंबरपासून 23 रात्री झाल्या. 23 वेळा 3 मिनिटं 56 सेकंद धरले, त्यातले सेकंदाचे तुकडेही नीट मोजले, तर होतात 1 तास 30 मिनिटं 26 सेकंद. तिकांड्याचा वरचा तारा 7 वाजून 10 मिनिटं 54 सेकंदांनी भिंतीबाहेर यायला हवा. नातीला फोनवर आधीच सांगून ठेवलं. ती नागपुरातून ऐकत होती.

क्वार्ट्झच्या घड्याळाला त्या दिवसानंतर मी हात लावला नव्हता. मुद्दाम. पत्र्याच्या भोकाला डोळा लावला. काकाजींच्या भिंतीची कड, वर थोडं धुकं, चंद्र अजून उगवायचा. फोन कानाशी, घड्याळ डाव्या हातात.

"आबा, आला का?"

"थांब."

आला. घड्याळात 7 वाजून 11 मिनिटं 6 सेकंद.

"बारा सेकंद चुकला तारा?" तिनं विचारलं.

फोनवरची वेळ पाहिली. तिच्याशी तारा एका सेकंदाच्या आत होता. 23 दिवसांत बारा सेकंद पुढे, रोजचा अर्धा सेकंद. दोनशे रुपयांच्या घड्याळाला हे वाईट नाही. तरी मागचं झाकण उघडलं आणि काटा बारा सेकंद थांबवून ठेवला.